मानवत येथील खूनसत्र आणि जनश्रुतीचें प्रमाण

(१)

बखर काय सांगते आणि अस्सल पत्र काय सांगतें, ह्यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें समजावून देण्याचें कारण नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या वेळीं पानिपतच्या सुमाराचीं पत्रें पुढें ठेवून बखरींतील चुका त्यांनीं उघड केल्या. तेव्हांपासून हा भेद मराठी संशोधनाच्या पायाशीं बसला आहे. परंतु बखरी केवळ जुन्या काळींच रचल्या गेल्या असें मात्र नाहीं. एखाद्या गांवावर भयंकर प्रसंग गुदरतो आणि त्याचा उलगडा लोकांच्या मनाजोगा होत नाहीं, तेव्हां आजही तोंडी बखर जन्मास येते. अशी एक बखर गेलीं पन्नास वर्षें मराठवाड्यांत आमच्या देखत रचली जात आहे. ती मानवतच्या खुनांची होय. तिचें परीक्षण करावें, आणि अशा जनश्रुतीस कितपत प्रमाण मानावें याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्ही हें लिहितों तें मुकुंदवाडी येथून. हें पूर्वींचें स्वतंत्र खेडें आतां छत्रपति संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस, जालन्याच्या रस्त्यावर, शहरांत मिळून गेलें आहे. जवळच चिकलठाण्याचे कारखाने असल्यामुळें मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून पोटापाण्यासाठीं आलेलीं कुटुंबें येथें राहतात. मुकुंदवाडीचें स्टेशन मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहे, आणि त्याच मार्गावर पूर्वेकडे, सेलू व परभणी यांच्या दरम्यान, 'मानवत रोड' हें स्टेशन लागतें. माणसें ज्या वाटेनें आलीं त्याच वाटेनें मानवतच्या गोष्टीही आल्या. त्या सांगणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं मानवत पाहिलेलें नसतें. तरी 'दुष्काळाच्या सालीं' तेथें काय झालें, हें मात्र प्रत्येकास ठाऊक असतें. १९७२ चा दुष्काळ हीच मराठवाड्याची शकगणना असल्यामुळें ह्या खुनांचा काळ लोक त्याच खुणेनें सांगतात, आणि त्यापुरती ही जनश्रुति बरोबर आहे.

(२)

प्रथम, ज्याविषयीं वाद नाहीं तेवढें सांगतों. मानवत हें परभणी जिल्ह्यांतील, कापसाच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध असलेलें गांव. नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंतच्या सुमारें चौदा महिन्यांत तेथें व आसपासच्या शिवारांत दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांत दहा-बारा वर्षांच्या कोवळ्या मुली होत्या, प्रौढ स्त्रिया होत्या, आणि एक तान्हें मूलही होतें. तपास लागेना, तेव्हां मुंबईहून गुन्हे-अन्वेषणाचे अनुभवी अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांस पाठविण्यांत आलें. १९६८ सालीं मुंबईंतील रामन राघव प्रकरणाचा तपासही त्यांनींच केला होता. मानवत प्रकरणीं अठरा आरोपींवर परभणी येथील सत्र न्यायालयांत खटला चालला. तेथून तो मुंबईच्या उच्च न्यायालयांत व अखेर सर्वोच्च न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ सालीं झाला. तो न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं लिहिला.

सरकार पक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: गांवांतील एका वाड्यांत पिंपळाचें झाड होतें, त्यावर मुंजाचा वास आहे, त्यास कुमारिकांचें रक्त अर्पण केलें म्हणजे वाड्यांतील स्त्रीस संतति होईल व पुरलेलें धनही हातीं लागेल, असें एका मांत्रिकानें सांगितलें, आणि त्यावरून कट होऊन हे खून करविण्यांत आले. मुंजाची समजूत आमच्या प्रांतांत जुनी आहे. मुंज झालेला परंतु सोडमुंजीपूर्वीं मेलेला मुलगा पिंपळावर राहतो असें लोक मानतात. गुप्तधनाच्या समजुतीही तशाच जुन्या: धनावर नाग किंवा भूत राखण असतें, पायाळू मनुष्यास तें दिसतें, आणि राखणदारास कांहीं 'दिल्या'वांचून तें वर येत नाहीं.

आतां निकालाकडे पाहूं. ज्यांनीं प्रत्यक्ष हत्या केल्या असा आरोप होता त्यांपैकीं कांहीं जणांचे गुन्हे शाबीत झाले व तें दोषित्व शेवटपर्यंत टिकलें. परंतु ज्या दोघांच्या सांगण्यावरून हें सर्व घडलें असा सरकार पक्षाचा दावा होता, त्यांस सत्र न्यायालयानें जरी दोषी ठरविलें, तरी उच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें, व तें सुटणें सर्वोच्च न्यायालयांतही कायम राहिलें. त्या दोघांचीं नांवें येथें मुद्दामच देत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

म्हणजे मानवतचें प्रकरण सुटलेलें म्हणावें कीं न सुटलेलें? कोणाच्या हातून खून झाले, याचा कांहीं अंशीं निर्णय झाला. ते कोणी करविले व कशासाठीं करविले, याचा निर्णय कायद्याच्या दृष्टीनें झाला नाहीं. ही जी पोकळी राहिली तींत जनश्रुति शिरली आहे.

(३)

आमच्या कानांवर येणाऱ्या गोष्टींचे तीन भाग पाडतां येतात.

पहिला भाग संख्येचा. कागदांत खून दहा आहेत. तोंडी गोष्टींत हा आंकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. बखरींत सैन्याची संख्या जशी फुगते तशीच ही फुगते, आणि कारणही तेंच. लिहिणाऱ्यास किंवा सांगणाऱ्यास मोजदाद करावयाची नसून भीति किती मोठी होती तें सांगावयाचें असतें. म्हणून अशा आंकड्यास संख्या न समजतां भीतीचें माप समजावें. तसें घेतल्यास तो खोटा ठरत नाहीं. दिवस मावळण्यापूर्वीं लेकीबाळींना घरांत घेण्याची चाल दूरदूरच्या गांवांतही त्या काळीं पडली होती असें जें सांगतात, तें आंकड्यापेक्षां अधिक मोलाचें आहे. कारण तें सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरांतलें असतें.

दुसरा भाग हेतूचा. मुंजा, पिंपळ, कुमारिकांचें रक्त आणि पुरलेलें धन, हें सर्व 'आमच्याकडचे म्हातारे सांगत' अशा शब्दांनीं सांगितलें जातें. ऐकणाऱ्यास वाटतें कीं ही गांवांतली स्वतंत्र आठवण असून न्यायालयांतील हकीगतीस तिनें दुजोरा मिळतो. परंतु येथेंच संशोधकानें सावध झालें पाहिजे. ही हकीगत न्यायालयांत आली ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून. तेथून ती वर्तमानपत्रांत गेली. वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोंचली. आणि आतां पन्नास वर्षांनीं तीच 'लोकांची आठवण' होऊन परत आली आहे. पुढें विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून अमोल पालेकर यांनीं १९८१ सालीं 'आक्रीत' हा बोलपट ह्याच प्रकरणावरून काढला, आणि २०२४ सालीं कुलकर्णी यांच्या आठवणींच्या आधारें 'मानवत मर्डर्स' ही चित्रमालिका निघाली. आज एखादा तरुण जें सांगतो त्यांतील किती भाग आजोबांचा व किती पडद्यावरचा, हें त्याचें त्यालाही सांगतां येणार नाहीं. एकाच मूळ पोथीच्या चार नकला जमवून 'चार पोथ्या एकमेकींस दुजोरा देतात' असें म्हणणाऱ्या संपादकास आम्ही हंसूं. मग एकाच जबानीचे चार प्रतिध्वनि ऐकून चार साक्षी मिळाल्या असें मानणाऱ्यास काय म्हणावें?

तिसरा भाग कर्त्याचा. 'लहान सांपडले, मोठे सुटले' हें वाक्य ह्या गोष्टीच्या शेवटीं जवळजवळ ठरलेलें असतें. ह्यांत एक खरें आहे व एक खोटें. खरें हें कीं, दोघे जण सुटले. खोटें हें कीं, सुटले म्हणजे ते दोषी असून सुटले. कागद एवढेंच सांगतो कीं, त्यांच्यावरील आरोप शाबीत झाला नाहीं. ह्यापुढें एक पाऊल टाकण्याचा अधिकार गोष्ट सांगणाऱ्यास नाहीं, आणि इतिहासकारास तर नाहींच नाहीं.

(४)

जबानीवर आधारलेल्या इतिहासाचें ह्याहून जुनें व प्रसिद्ध उदाहरण आमच्या अगदीं शेजारचें आहे. तें ठगांचें, म्हणजे दक्षिणेंत ज्यांस फांसेगार म्हणत त्यांचें. कॅप्टन स्लीमन यानें जबलपुरास बसून पकडलेल्या ठगांस माफी देऊन त्यांच्याकडून दुसऱ्यांचीं नांवें काढलीं, व त्या संवादांचा ग्रंथ १८३६ सालीं छापला. त्याच वर्षींच्या कायद्यानें, ठगांच्या टोळींत असणें एवढेंच सिद्ध झाल्यास जन्मठेप देण्याची तरतूद झाली. निजामाच्या नोकरींत असलेल्या मेडोज टेलर यानें १८३९ सालीं ह्याच विषयावर कादंबरी लिहिली, आणि साहेबलोकांच्या मनांत ठगांचें जें चित्र कायम झालें तें पुष्कळसें तींतून आलें.

स्लीमनच्या संवादांत कांहीं ठग वेरुळाच्या लेण्यांचा दाखला देतात. तेथें सर्व धंदे दगडांत कोरलेले असून आमचाही धंदा कोरलेला आहे; गळा आवळणारे, प्रेत नेणारे व पुरणारे सर्व तेथें पाहावयास मिळतात, असें ते म्हणतात. वेरूळ येथून फार लांब नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें जाऊन पाहावें. दशावतार लेण्यांत हिरण्यकशिपूस धरणारा नरसिंह दिसेल, अंधकासुरास शूलावर उचलणारा शिव दिसेल, रावण कैलास हालवितांना दिसेल. ठगांचा धंदा दिसणार नाहीं. मग ठग खोटें बोलले काय? आमच्या मतें तसेंही म्हणतां येत नाहीं. त्यांनीं लेणीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं आणि शिल्पांचा अर्थ आपल्या मनाप्रमाणें लावला. ही जनश्रुति वेरुळाविषयीं निरुपयोगी आहे, परंतु ठगांच्या मनाविषयीं मोलाची आहे. कोणतें साधन कशाचें प्रमाण, हा विवेक एवढ्या एका उदाहरणानें स्पष्ट व्हावा.

ठगांच्या जबान्यांविषयीं अलीकडील अभ्यासकांत मोठा वाद आहे. वाटमारी करून जीव घेणाऱ्या टोळ्या होत्या हें बहुतेकांस मान्य आहे. परंतु त्यांचा एक देशव्यापी पंथ होता, ते देवीच्या आज्ञेनें मारीत, हा भाग कितपत ठगांचा व कितपत विचारणाऱ्याचा, याविषयीं एकमत नाहीं. ज्यास फांस चुकवावयाचा आहे त्याला, समोरच्या अधिकाऱ्यास काय ऐकावयाचें आहे, हें लवकर कळतें. शिवाय तो बोलला हिंदुस्थानींत आणि आपल्यापुढें आहे इंग्रजी. म्हणजे मूळ पोथी हरवली असून भाषांतराची नक्कल हातीं आली आहे. मानवतच्या साक्षीही मराठवाडी बोलींतल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजींत. निकालावरून लिहिणाऱ्यानें हें अंतर विसरूं नये.

कायद्यानें हा धोका फार पूर्वीं ओळखला होता. त्या वेळीं अंमलांत असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत दोन वचनें शेजारीं ठेवण्यासारखीं होतीं. एकांत म्हटलें होतें कीं, गुन्ह्यांतील साथीदार हा साक्षीस पात्र आहे, व केवळ त्याच्या साक्षीवरून दिलेली शिक्षा तेवढ्यामुळें बेकायदा होत नाहीं. दुसऱ्यांत होतें कीं, महत्त्वाच्या बाबतींत दुसरा आधार मिळाल्याशिवाय असा साक्षीदार विश्वासास अपात्र आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येईल. ह्या दोहोंचा मेळ न्यायाधीशांनीं असा घातला कीं, आधार नुसता गुन्हा घडला एवढ्यापुरता असून भागत नाहीं. अमुक आरोपीचा त्याच्याशीं संबंध होता, हें दुसऱ्या पुराव्यानें दिसलें पाहिजे. मानवतच्या खटल्यांत माफीच्या साक्षीदारांच्या बाबतींत हाच नियम लावण्यांत आला. प्रत्यक्ष मारेकऱ्यांपैकीं कांहींच्या बाबतींत असा आधार मिळाला. सूत्रधार म्हणून उभ्या केलेल्या दोघांच्या बाबतींत तो पुरेसा ठरला नाहीं. राजवाड्यांनीं बखरीस लावलेला नियम याहून निराळा नव्हता. बखर एकटी असेल तर थांबावें. समकालीन पत्राचा आधार मिळेल तेवढ्यापुरतीच ती घ्यावी. न्यायालय व संशोधक यांची कसोटी येथें एक होते.

(५)

ह्या बाबतींत मुंबईचीं दोन प्रकरणें ताडून पाहण्यासारखीं आहेत. रामन राघव हा १९६८ च्या ऑगस्टांत सांपडण्यापूर्वीं उपनगरांतील झोंपड्यांत व पदपथांवर निजलेल्या गरिबांस रात्रीं ठार मारीत असे. तो मांजर किंवा पोपट होऊन निसटतो, अशी वदंता त्या वेळीं पसरली होती. तो पकडला गेला, त्यानें कबुली दिली, वेडा ठरला, आणि १९९५ सालीं बंदींतच मेला. मनुष्य डोळ्यांसमोर येतांच मांजर-पोपट नाहींसे झाले. उलट, १९८५ पासून पुढें दोन-तीन वर्षें शीव व किंग्ज सर्कल भागांत पदपथावर एकट्या निजलेल्या निराधारांचीं डोकीं मोठ्या दगडानें ठेचणारा कोण होता, हें आजतागायत कळलें नाहीं. १९८९ सालीं कलकत्त्यास तशाच हत्या झाल्या तेव्हां 'तोच तिकडे गेला' अशी वाच्यता झाली. तिलाही पुरावा मिळाला नाहीं. तात्पर्य, पहिल्या प्रकरणांत अफवेस उत्तर मिळालें, दुसऱ्यांत अफवा अनुत्तरित राहिली. मानवतचें प्रकरण ह्या दोहोंच्या मध्यें आहे: अर्धें उत्तर मिळालें, आणि उरलेलें अर्धें लोकांनीं आपल्याच हातानें लिहून काढलें.

(६)

कोणी म्हणेल कीं, असेना का. पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट लोकांनीं थोडी वाढवून सांगितली तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें कीं, ह्या बखरीचें देणें जिवंत माणसांस चुकवावें लागतें.

ज्यांस न्यायालयानें सोडलें त्यांचीं नांवें गोष्टींत आजही खुनी म्हणून घेतलीं जातात, आणि ती शिक्षा त्यांच्या वंशजांपर्यंत पोहोंचते. ह्याच कारणास्तव आम्हीं तीं नांवें गाळलीं. दुसरें असें कीं, मानवतच्या सांगण्यांत पारधी समाजाचें नांव वारंवार गोवलें जातें. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या जिभेवर राहिला. मुलें पळविणारे, बळी देणारे म्हणजे फिरस्ते, हें समीकरण अशाच गोष्टींतून पक्कें होतें. त्याचें फळ १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें दिसलें. मुलें धरणारे आल्याची अफवा पसरलेली होती. तेवढ्यावरून, भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांस जमावानें ठेचून मारलें. त्या जमावापुढें कोणतेंही मूल पळविलें गेलेलें नव्हतें. पुढें होती ती केवळ एक ऐकीव गोष्ट.

मात्र याचा अर्थ अघोरी समजुती खोट्या ठरल्या व त्यांपासून भय नाहीं, असाही नव्हे. पुरलेल्या धनासाठीं आजही जुनीं देवळें, समाध्या व वीरगळ खणले-फोडले जातात, हें प्रत्येक संग्राहकानें पाहिलें आहे. जुना कागद शोधावयास गेलेल्या मनुष्याकडे 'धनाचें बाड शोधतो आहे' अशा नजरेनें पाहिलें जातें, हाही आमच्यापैकीं अनेकांचा अनुभव आहे. २०१३ च्या ऑगस्टांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुणें येथें खून झाल्यानंतर महाराष्ट्रांत नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध वटहुकूम निघाला व त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अमानुष कृत्यें त्यांत स्पष्टपणें गुन्हा ठरविलीं आहेत. समजूत खरी धोक्याची आहे. पण ती अमुकाची आहे असें म्हणावयास पुरावा लागतो. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानांत धरणें जड जातें खरें, परंतु त्यांवांचून गति नाहीं.

(७)

तेव्हां अशी जनश्रुति टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. ज्यांनीं तीं वर्षें पाहिलीं तीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ आठवणी जातील. त्या टिपाव्यात; मात्र हस्तलिखित टिपतांना जी शिस्त आपण पाळतों तीच येथें पाळावी. सांगणारा त्या वेळीं किती वर्षांचा होता व कोठें राहत होता, हें आधीं लिहावें. त्यानें स्वतः पाहिलें, घरांत ऐकलें, वर्तमानपत्रांत वाचलें, कीं पडद्यावर पाहिलें, हें वेगळें करून घ्यावें. त्याचे शब्द त्याच्याच बोलींत ठेवावेत. आकडा सांगितला तर तसाच लिहावा, पण त्याखालीं कागदांतला आंकडा द्यावा. जो न्यायालयांत दोषी ठरला नाहीं त्याचें नांव दोषी म्हणून टिपणांतही येऊं देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मारल्या गेलेल्या मुलींविषयीं कोणास कांहीं आठवत असल्यास तें आधीं विचारावें. मुंजाविषयीं, धनाविषयीं, वाड्याविषयीं सांगणारे शेंकडों भेटतात. त्या मुलींपैकीं एखादी कोणता खेळ खेळत असे, हें सांगणारा क्वचित् भेटतो. आजवरच्या ह्या बखरीनें मारणाऱ्यांच्या कल्पना घोळघोळून सांगितल्या, आणि मेलेल्यांचा केवळ आंकडा ठेवला, तोही चुकीचा. ही उणीव भरून काढतां आली तर आमच्या संग्रहांत एक खरें साधन जमा होईल.

असो. कोणीं करविलें, हा प्रश्न कागदानें उघडा ठेविला आहे. तो उघडाच ठेवणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे, आणि मानवतच्या बाबतींत तें माणुसकीचेंही आहे.